ऊर्ध्व लागला तेव्हा

पांढुर्ण्याच्या आमच्या घरात मी पहिली पदवीधर. बाबांनी मला नर्सिंगला पाठवलं तेव्हा आत्या म्हणाली होती, "लोकायचं गू-मूत काढाले एवढं शिकाचं?"

बाबा हसले. "माहं काढन ही, तवा सांगजो तिले."

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा आजार हाताबाहेर गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बाबांनी माझा हात धरला. "आता कुठी नेऊ नको. मले माह्या घरातूनच जाऊ दे." मी हो म्हटलं आणि घरीच त्यांचं सगळं करू लागले, गू-मूतसुद्धा.

एका सकाळी त्यांचा श्वास बदलला. भराभर चाले, मंद होई, मग पार थांबे. तो थांबताच आत्यानं हंबरडा फोडला. तेवढ्यात बाबांनी मोठा श्वास घेतला.

"आत्या, थांब. शेवटी श्वास असाच थांबून थांबून चालतो."

डोळे पुसत ती म्हणाली, "जाता जाताबी मस्करी करून राहिला हा!"

दुपारी घसा घरघरू लागला. काका ओरडले, "ऊर्ध्व लागला! नागपूरले नेऊ, ऑक्सिजन लावू. पोरगी शिकली अन् बापाले नुसती पाहून राहिली!" त्यांनी गाडी बोलावलीसुद्धा. ती दारात उभी राहिली. दिलेला शब्द आता मोडतो, असं वाटलं.

मी काकांना जवळ बसवलं. "बाबांचं कपाळ पाहा. आठी आहे?"

"नाही."

"त्रास असता तर आठी पडली असती. गिळायची ताकद गेली, म्हणून लाळ घशात वाजते. त्रास ऐकणाऱ्याला होतो, काका."

मी बाबांना कुशीवर वळवलं. घरघर उतरली. काका बराच वेळ कान देऊन बसले, मग उठले आणि गाडी परत पाठवली.

आमच्याकडे शेवटी माणसाला खाटेवरून भुईवर घेतात. गादी घालून तसं घेतलं. आत्या गंगाजळ आणि पळी घेऊन आली. "पळीनं नको, ठसका लागेल," मी म्हटलं. आमच्याच शेतातल्या कापसाचा बोळा भिजवून दिला. सगळ्यांनी पाळीपाळीनं बाबांचे ओठ ओले केले.

दिवस कलला. दोन श्वासांतलं अंतर वाढत गेलं. आता आत्या रडत नव्हती. बाबांच्या छातीवर हात ठेवून पुढच्या श्वासाची वाट पाहत होती. एकदा तो आलाच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आता रड, आत्या."

बाबा आपल्या घरातून, कपाळावर एकही आठी न घेता गेले. डोळे भरले होते, तरी पदवी घेतानाही नव्हती एवढी माझी मान ताठ होती.

आत्यानं रडण्याआधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "काढलं वं तुनं त्याचं," ती म्हणाली. "सांगजो म्हनलं होतं त्यानं मले."