घड्याळाचं तोंड

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीत ऑफिसात होते. पप्पा एवढंच म्हणाले, "ताई गेली. सेलूला ये." त्याला आता सहा आठवडे झाले. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आमच्या बौद्ध कुटुंबात शिकून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. बोरीकडच्या एका शाळेत ती इतिहास शिकवायची. निवृत्तीनंतरही लोक तिला 'बाई'च म्हणायचे.

मी इंग्रजी माध्यमातली आणि मुळात कमी बोलणारी. माझ्या शाळेला सुट्टी असली की ती मला तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसवायची. तिथेच मी तिची 'संसद' पाहिली. इंग्लंडच्या संसदेत बायकांना मताचा हक्क देण्याचे सुरुवातीचे प्रयत्न का फसले, हा धडा ती दरवर्षी वर्गाकडून घडवून घ्यायची. मुली विधेयक मांडायच्या, मुलं विरोध करायची. तास संपायच्या आत मतदान झालं नाही तर विधेयक पडलं. टेबलावर तिचं चावीचं घड्याळ असायचं, त्याचं तोंड मुलांकडे. मी पाहिलं त्या दिवशी एका मुलानं त्याचा पुरेपूर फायदा घेतला. "अध्यक्ष महोदय, बाया मतदानाला गेल्या तर येलदरी धरणाचे मासे कोण साफ करील? आता मासे किती प्रकारचे, ते आधी सांगतो..." आणि तो खरंच सांगत सुटला. मरळ, रोहू, कटला, वाम... वर्ग हसत होता. बोलायच्या पाळीसाठी उभी असलेली मुलगी ओरडली, "बाई, ह्यो मुद्दाम टाइम खायलाय!"

"खाऊ दे. नियमात हाय," आत्या म्हणाली. घंटा झाली. विधेयक पडलं.

घरी आल्यावर तिनं मला विचारलं, का पडलं? मी पुस्तकातलं उत्तर दिलं, तेव्हाच्या लोकांना बायका कमकुवत वाटायच्या.

"ते हायच गं. पण बाजूनं बोलणारेबी लय होते तिथं. एखाद्या टप्प्यावर जिंकलेसुद्धा. पण सभागृहाचा वेळ सरकारच्या हातात. ही नवी मतं कोणाच्या पारड्यात पडतील ते पक्षांना कळंना, मग वेळ कोण देणार? एखाद्या खासदारानं मांडायचं आन् बाकीच्यांनी दिवस बुडेपर्यंत बोलत बसायचं. न्हाई म्हणायची पाळीच येत न्हाई."

"मग?"

"मग काय. पुढच्या वर्षी पुन्हा मांडायचं."

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. "माझ्या पुण्यानुमोदनाला तू बोलायचं," ती म्हणाली. "कागदावरून वाचलंस तरी चालंल."

"आत्या, मला नाही जमणार."

"मग काय माशांवर ऐकू का?"

पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी आमच्यात होते त्या वंदनेला आणि सभेला, मी दोन पानं लिहून नेली. यादीत माझं नाव शेवटचं होतं. वंदना झाली, मग भाषणं सुरू झाली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आत्याच्या शिस्तीपासून सुरुवात केली आणि स्वतःच्या बदल्यांपाशी बराच वेळ थांबले. त्यांच्यानंतरच्या गृहस्थांनी गावातल्या रस्त्याचा विषय काढला. सगळे पुरुष होते, सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलले. शेवटी सूत्रसंचालक माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, तुझं राहिलं बघ. पण जेवणं खोळंबलीत..." मी मान हलवली आणि पानांची घडी करून पर्समध्ये ठेवली. मला कोणीही अडवलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. पंगतीत बसल्यावर समोर वरण-भात आला, तेव्हा कळलं की मी आत्याला दिलेला शब्द पडला होता, आणि विरोधात एकही मत नव्हतं.

पप्पांना आता मी सांगितलंय, पहिल्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमाची यादी मी करणार. "कोणाकोणाला बोलू द्यायचं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना, मी म्हटलं, पण पहिलं नाव माझं.

आत्याचं घड्याळ माझ्या परभणीच्या खोलीत आहे. रोज सकाळी चावी द्यावी लागते. पहिल्या दिवशी टेबलावर ठेवताना मी त्याचं तोंड नकळत समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे केलं होतं... मग उठून ते माझ्याकडे वळवून घेतलं.