पेटीवरचं गाव

मी रत्नागिरीची. आमच्या घरी आंब्याची पेटी आली की आधी तिच्यावरचं गाव वाचायचं, मग वास घ्यायचा. गाव लिहिलेलं नसेल तर वडील पेटी उघडूच द्यायचे नाहीत. कुठलाही माल हापूस म्हणून गळ्यात मारणारे काय कमी आहेत! ही सवय घेऊनच मी दुबईला आले, आणि तिनेच माझी नोकरी घालवायची वेळ आणली.

फळं मागवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी कागदपत्रं बघते. राहायला दुबईतल्याच करामा भागात. तेव्हा नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, म्हणजे माझा, नवऱ्याचा आणि मुलाचा, तिघांचे व्हिसा माझ्या एकटीच्या नोकरीवर, आणि त्यांची मुदत संपत आलेली. आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, सायप्रसचे, साठीकडे झुकलेले, म्हाताऱ्या आईला घेऊन दुबईतच राहणारे. त्यांच्या बेटाचे दोन तुकडे झालेत, दक्षिणेत ग्रीक आणि उत्तरेत तुर्की, आणि सर दक्षिणेकडचे, एवढंच मला माहीत. जास्त विचारायची मी कधी तसदी घेतली नव्हती.

तुर्कस्तानातल्या मर्सिन बंदरातला एक एजंट संत्री फार स्वस्त देत होता. खोक्यामागे चार दिरहम कमी, म्हणजे जवळजवळ शंभर रुपये. मी फोनवर विचारलं, बाग कुठली? तो टाळायला लागला, मी पिच्छा सोडेना. शेवटी कबूल झाला की माल उत्तर सायप्रसचा. त्या भागाला तुर्कस्तान सोडून कुणी देश मानत नाही, तिथल्या बंदरातून थेट माल घ्यायला कुणी धजावत नाही. म्हणून फळ आधी मर्सिनला येतं आणि तिथून तुर्की नावाने जगभर जातं. बागवाल्याच्या हातात मग काय पडणार? मला त्या एजंटचा राग आला. म्हटलं, ते काही नाही, माल खरा कुठल्या गावचा, ते सांगणारं पत्र कागदांना लावा. मॅडम, राहू दे, असं तो परोपरीने सांगत होता. पण मी कसली ऐकते!

कंटेनर इथल्या खोर फक्कान बंदरात अडकला. जहाजाच्या कागदावर तुर्कस्तान, आणि माझ्या पत्रावर कस्टम्सच्या यादीतच नसलेला देश. त्या संध्याकाळी मुलाने विचारलं, "मम्मा, आर वी गोइंग बॅक?" मी त्याच्यावरच खेकसले.

सकाळी बंदरावर जायला सरांनी मला गाडीत घेतलं. वाटेतले डोंगर लागायच्या आत मी सगळं सांगून टाकलं: पत्र माझ्याच हट्टाने लावलंय, एजंटचा दोष नाही. सरांनी पत्र मागितलं. गावाचं आताचं नाव तुर्की होतं, पण खाली एजंटने पेनाने जुनं ग्रीक नावही लिहिलं होतं. सरांनी गाडी बाजूला घेतली.

"माझ्या आईचं गाव," ते म्हणाले.

माहेरच की! मग सर सांगत राहिले. तुर्की फौज बेटावर उतरली, लढाई झाली, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्याच गावात राहायचे. आई बागेला पाणी सोडून घरात आली, आणि तशीच मुलांना घेऊन दक्षिणेकडे निघाली. पुढे दक्षिणेत बँका आल्या, जहाज कंपन्या आल्या, पर्यटक आले, पैसा आला. आई मात्र पन्नास वर्षं एकच म्हणते, पाणी चालूच राहिलं. म्हणून उत्तरेचा माल घ्यायचा नाही, असा सरांचा नियम होता. तो त्यांनी कधी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

बंदरावरच्या माणसाने सोपा मार्ग सांगितला: हे पत्र काढा, तुर्की माल म्हणून सही करा, खलास. सरांनी सही केली नाही. त्या गावाला ते तुर्की म्हणणार नव्हते, आणि पत्रातला देशही त्यांना मान्य नव्हता. माल परत पाठवा म्हणाले. तपासणीला फोडलेल्या खोक्यातलं एक संत्रं तिथल्या माणसाने त्यांच्या हातावर ठेवलं. येताना ते रस्ताभर डॅशबोर्डवर होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. मी टेबलाचा खण आवरूनच गेले होते. त्यांनी माझ्या व्हिसाचा कागद पुढे सरकवला. सही झालेली होती. मी उभ्या उभ्या रडले, लाज नाही वाटली. एवढं नुकसान सोसून मला ठेवून घेणारा माणूस परक्या मुलखात भेटला, हे माझं भाग्य. आजही दर वेळी व्हिसाची तारीख आली की मी त्यांना मनातून हात जोडते.

तिथून पुन्हा मागवू नकोस, एवढंच ते म्हणाले. मी दारापर्यंत गेले आणि न राहवून विचारलं, आईंनी ते संत्रं खाल्लं का?

"नाही. रात्रभर उशाशी ठेवलं," सर म्हणाले. "सकाळी मला म्हणाली, झाडं जगलीत. म्हणजे पाणी देतंय कुणीतरी."