कात्रीसाहेब आणि लांबलचक नाव

सगळा जिना त्यांना मागून ‘कात्री’ म्हणायचा आणि तोंडावर ‘साहेब’. कुणी बोलायला तोंड उघडलं की हे मधेच कापणार, “मुद्द्यावर या.” मुद्दा आला की तोही कापणार. लग्नानंतर त्यांच्या बायकोने एखादं वाक्य पुरं केलं असेल तर ते झोपेत.

अशा माणसाने, जिथे नोकरीला होता त्या कारखान्यासाठी लॉगचा प्रोग्राम लिहिला होता. कुठलं यंत्र काय करतंय, ते हा प्रोग्राम ओळीओळीने टिपून ठेवायचा. एका ओळीला साहेबांनी दोनशे अक्षरांची जागा दिली आणि येणारी ओळ त्याहून लांब आहे का, हे कधी तपासलंच नाही. यंत्रं काय माणसांसारखी पाल्हाळ लावतात? या एका प्रोग्रामच्या जिवावर त्यांनी वर्षानुवर्षं मिशीला पीळ दिला.

मग जावई त्याच कारखान्यात लागला, तोही नेमका प्रोग्राममधली भोकं शोधायच्या कामावर. सासरे-जावयाचं आधीच विळ्या-भोपळ्याचं सख्य. कारखान्याने नुकतीच घरून लॉगिन करायची सोय केली होती, आणि कुणी चुकीचं नाव टाकलं तर ते नावही लॉगमध्ये जात होतं. जावयाने जेवताना विषय काढला. नाव फार लांब असलं तर ठरलेल्या जागेत मावत नाही, शेजारच्या मेमरीत सांडतं. प्रोग्रामने पुढे कुठे जायचं ते तिथेच लिहिलेलं असतं, त्यामुळे एखादा चोर तिथे आपलाच हुकूम...

“माझ्या ताटात जेवून माझ्याच भांड्याला भोक पाडताय, जावईबापू?”

सासूबाई म्हणाल्या, अहो, ऐका तरी. त्याही कापल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी जावयाने चाचणीच्या यंत्रावर, खात्याच्या प्रमुख बाईंसमोर, लॉगिनच्या चौकटीत नाव टाकलं. नाव कसलं, साखरपुड्यापासून सासऱ्याने तोडलेली सगळी वाक्यं एका दमात. लॉग जागच्या जागी आडवा झाला. बाईंनी ते नाव शेवटपर्यंत वाचलं, मग साहेबांकडे पाहिलं. आज दुरुस्त करा, म्हणाल्या, नाहीतर बाजारातला तयार लॉग घेऊ.

कापायचंच तर होतं! साहेबांनी दुपारच्या आत दोन ओळी घातल्या: दोनशे अक्षरं झाली की पुढचं छाटा. जावयाने वाकून त्या वाचल्या आणि थबकला.

“बाबा, अजून एक...”

“तुमचं एक कधी संपतच नाही. बसा खाली.”

बाई म्हणाल्या, त्यांना बोलू द्या. साहेब म्हणाले, मी याच्या शाळेत नाव घातलेलं नाही. जावई बसला. मग गालातल्या गालात हसत त्याने बरोबर दोनशे अक्षरांचं नाव टाकलं. लॉग पुन्हा आडवा.

तयार लॉग आला. साहेबांचा प्रोग्राम पुसून तो बसवायचं काम बाईंनी जावयालाच दिलं, आणि त्याने ते साहेबांच्याच टेबलावर बसून केलं.

लेकीचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी हळूच विचारलं, कारखान्यात यांनी खाली बसवलं तेव्हा तो सांगणार तरी काय होता गं?

“मजकूर इथे संपला, अशी एक खूण लागते, आई. तिच्यासाठी दोनशेतली एका अक्षराची जागा मोकळी ठेवा, एवढंच.”

सासूबाई आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. “अहो, तो म्हणत होता...”

“मुद्द्यावर या,” आतून आवाज आला.

त्यांनी दार बाहेरून ओढून घेतलं.