राखून ठेवलेली बाटली

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे थेंबबाई. पाठीमागचं नाव त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त आवडायचं. चोवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, थेंब घालायचं. तळहातावर मावेल अशी उथळ डिश घ्यायची, तिच्यात साखर, क्षार आणि आणखी काय काय मिसळलेल्या पाण्याचे मसुराएवढे थेंब ठेवायचे, आणि ते सुकू नयेत म्हणून वरून तेलाचा थर द्यायचा. गाईचं फलित अंडं त्या थेंबात सात दिवस राहायचं. सातव्या दिवशी त्याचा इवलासा पोकळ गोळा झाला की तो गोठवून ठेवायचा. पुढे कधीतरी दुसऱ्या एखाद्या गाईच्या पोटात तो जायचा आणि त्याचं वासरू व्हायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने एक आठवडा करून बघावं. ऊब अर्ध्या अंशाने चुकली की अंडं रुसणार. तुम्हीआम्ही छातीभर ओढतो त्या हवेतला प्राणवायूसुद्धा त्याला सोसत नाही, कारण गाईच्या पोटात एवढी हवा कुठून असायची? म्हणून इन्क्युबेटरमध्ये दुसरा वायू सोडून प्राणवायू पाव हिश्शावर आणून ठेवायचा, आणि दार उगाच उघडायचं नाही. वासाचा साबण, अत्तर, नखांचा रंग, सगळ्याला बंदी. बाईंनी चोवीस वर्षांत तोंडाला पावडर लावली नव्हती. एकदा भाचीच्या लग्नात लावली, तर त्यांनाच शिंका सुरू झाल्या.

नवरा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला. त्याचा एक ठरलेला विनोद होता. आमची दोन पोरं सोडून बाकी सगळ्यांची ऊब हिला तोंडपाठ आहे, असं तो येईल त्याला सांगायचा. दुसरा विनोद बाईंच्या राखून ठेवण्याच्या सवयीवर. बाईंना चांगली वस्तू दिसली की ती वापरवत नसे. नवे टॉवेल कपाटात आणि नवरा विरलेल्या टॉवेलाने अंग पुसतोय. पाहुण्यांसाठी घेतलेले कप पाहुणे आले तरी बाहेर निघत नसत, कारण त्याहून मोठे पाहुणे येण्याची शक्यता असे. ते मोठे पाहुणे अजून कुणी पाहिलेले नाहीत.

हीच खोड त्यांनी कामावरही नेली, आणि तिथे कुणी त्यावर हसलं नाही. चार वर्षांपूर्वी तेलाच्या बाटल्यांची एक खेप आली होती. त्या तेलाखाली शंभर अंड्यांतली चाळीस सातव्या दिवसापर्यंत पोचली. एरवी तीस पोचली तरी सगळ्यांचे चेहरे खुलायचे. खेप संपत आली तेव्हा बाईंनी शेवटची छोटी बाटली बाजूला काढली आणि खिडकीजवळच्या वरच्या फळीवर ठेवली. कपाटात ठेवली असती तर कुणीतरी रोजच्या कामाला काढली असती. वर कुणाचा हात पोचत नव्हता. दुपारचं ऊन मात्र रोज पोचत होतं.

मग गोठेवाले काका आले. सत्तरीचे, सडपातळ, बोलायला बसले की आधी आपल्या गाईची चौकशी तुम्ही करावी अशी अपेक्षा ठेवणारे. त्यांच्या घरात तीन पिढ्या एकाच जातीच्या गाई होत्या, ठेंगण्या आणि तांबड्या. इतर कुणाकडे त्या उरल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी साथ आली आणि त्यांचा गोठा धुऊन गेली. एक तेवढी मागे राहिली, ती सोळा वर्षांची. आता तिच्या पोटात गाठ झाली होती. तिला दुखतंय, महिनाअखेरपर्यंत तरी तिची सुटका करा, असं गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांची बायको वर्षभर मागे लागली होती की प्रयोगशाळेत नेऊन हिची अंडी काढून ठेवा. काका ऐकत नव्हते. म्हाताऱ्या जनावराला सुया कशाला टोचायच्या, म्हणायचे. अखेर तेच घेऊन आले.

अंडी एकदाच काढता येणार होती. एकोणीस मिळाली. त्याच जातीच्या एका वळूचं वीर्य वीस वर्षं प्रयोगशाळेत गोठवून ठेवलेलं होतं, ते वापरायचं ठरलं. म्हणजे या एकोणिसांतलं एखादं तरी सातव्या दिवसापर्यंत गेलं तर जात उरणार होती, नाहीतर नाही. गाईला दुसऱ्या दिवशी इंजेक्शन देऊन कायमचं निजवलं. काका तिच्याजवळ बसून होते. नंतर त्यांनी बाईंना फोन केला आणि एवढंच म्हणाले, की आता जे काही आहे ते तुमच्याकडे आहे.

बाईंनी स्टूल घेतलं आणि वरच्या फळीवरची बाटली काढली.

प्रयोगशाळेचा नियम साधा होता. कुठलंही तेल आधी आठवडाभर साध्या अंड्यांवर तपासायचं, मगच मोलाच्या अंड्यांवर घालायचं. साधी अंडी म्हणजे कत्तलखान्यातून येणारी, ती आठवड्याला शंभर-दीडशे असत. हा नियम बाईंनीच नव्या लोकांना शिकवलेला. पण हे तेल काय नवं होतं? चार वर्षांपूर्वी त्यांनी ते स्वतः तपासलं होतं. शिवाय बाटलीत होतं जेमतेम दोन डिशपुरतं. तपासण्यात घालवलं तर घालायला काय उरणार? बाटलीवरची तारीख उलटून गेली होती. ती बाईंनी वाचलीही. मग हात धुतले, थेंब घातले, वरून ते तेल सोडलं. अगदी देखणे थेंब पडले, एकही फुटला नाही. साध्या अंड्यांच्या डिशमध्ये रोजचं तेल घातलं आणि दोन्ही डिश एकाच इन्क्युबेटरमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. काकांच्या एकोणिसांतली अकरा छान आठ पेशींची झाली होती. त्यांनी लगेच काकांना फोन करून आकडा सांगितला. पलीकडे काकांनी तो बायकोला ओरडून सांगितला, आणि ती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण काका बराच वेळ फोन ठेवायला तयार नव्हते. त्या संध्याकाळी बाई घरी नवऱ्याशी उगाच भांडल्या नाहीत, एवढा दिवस चांगला गेला.

आता यात एक मेख आहे, आणि बाईंइतकी ती कुणाला ठाऊक नसेल. गाईचं अंडं आठ पेशींपर्यंत आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर चालतं. तिथवर बाहेर काहीही वाईट असलं तरी ते फारसं दिसत नाही. आठनंतर त्याला स्वतःचा संसार स्वतः मांडायचा असतो, आणि तिथे कळतं की घर कसं मिळालंय.

पाचव्या दिवशी अकराची अकरा आठवरच होती. पेशी काळवंडल्या होत्या, कडा खडबडीत झाल्या होत्या. बाईंनी डिश परत ठेवली आणि शेजारची साधी डिश काढली. तिच्यातल्या निम्म्याअधिक अंड्यांचे तुतीच्या फळासारखे भरगच्च गोळे झाले होते. त्यांनी पुन्हा पहिली पाहिली, पुन्हा दुसरी. इन्क्युबेटर एक, ऊब एक, हवा एक, पाणी एक, हात एकच. फक्त तेल वेगळं. बाईंनी ती बाटली उचलली आणि डिश दाखवायला प्रमुखांना बोलावलं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरीणबाई वयाने बाईंहून वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी डिश पाहिली आणि म्हणाल्या, की सोळा वर्षांची आजारी गाय, तिची अंडी ती, याहून जास्त कशाची आशा धरायची? बाईंनी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी तारीख वाचली, मग वरच्या फळीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. उन्हात पडलेलं तेल आतून बिघडतं, त्याला ना रंग येतो ना वास. उरलेलं थोडं तेल पाण्यात घुसळून त्यांनी तपासणीची पट्टी बुडवली. चांगल्या तेलात ती पांढरी राहते. ही बघता बघता निळी झाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. काकांशी मी बोलते, त्या म्हणाल्या, गाय म्हातारी होती हे काही खोटं नाही, आणि त्यापलीकडे सांगून कुणाचं भलं होणार आहे?

घरी बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. राखून ठेवण्यावर आयुष्यभर टिंगल केलेल्या त्या माणसाने त्या दिवशी विनोद केला नाही. तो उठून चहा करायला गेला. तेवढ्यावरून बाईंना कळलं, की झालंय ते थट्टेच्या पलीकडचं आहे. त्यांना मनापासून वाटलं, की हे हात कुणीतरी काढून घ्यावेत.

सातव्या दिवशी काका आले. दाढी केलेली, धुतलेला शर्ट. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि ठरल्याप्रमाणे सांगितलं, की एकही टिकलं नाही, गाईचं वयच फार झालं होतं. बाई टेबलाच्या कडेला उभ्या होत्या. काकांनी मान डोलावली. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलू लागले. बायको वर्षभर सांगत होती, मीच ऐकलं नाही. गेल्या वर्षी आणली असती तर अंडी ताजी निघाली असती. माया करायला गेलो आणि जातच बुडवली. आता घरी जाऊन तिला काय तोंड दाखवू?

डॉक्टरीणबाईंनी बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"तुम्हाला उशीर नाही झाला," बाई म्हणाल्या. "अंडी चांगली होती, काका. अकरा चालली होती. मी घातलेलं तेल खराब होतं, त्याने गेली. चूक माझी आहे."

काका चिडतील, ओरडतील, याची बाईंनी तयारी ठेवली होती. काका ओरडले नाहीत. त्यांना समजून घ्यायचं होतं.

"दुसरं तेल नव्हतं का तुमच्याकडे?"

"होतं. रोजचं. बाकीच्या अंड्यांना तेच घातलं होतं."

"ती जगली?"

"जगली."

"मग आमच्या अंड्यांना तेच का नाही घातलंत?"

बाईंना उत्तर ठाऊक होतं, आणि तोंडातून काढताना ते किती वेडगळ वाटेल हेही ठाऊक होतं. "तुमची साधी नव्हती म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी चांगलं काढलं मी. चार वर्षं जपून ठेवलेलं."

काका गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उठले. दाराशी जाऊन थांबले, पण वळले नाहीत.

"साधीच गाय होती हो ती, बाई," ते म्हणाले. "साध्यासारखंच करायचं होतंत."