पाहुणचाराचं कलम

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि वर्षाच्या आतच तालुक्याच्या शाळा-रस्ते बघणाऱ्या आमच्या जनपद सभेच्या कचेरीत पुस्तिकांचे गठ्ठे येऊन पडले. स्थानिक संस्थांच्या नोकरांनी कसं वागावं, याच्या सूचना त्यात होत्या. लाच घेऊ नये हे ठीक. ते काय पुस्तिका वाचून कळायला हवं होतं? पण ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून जेवणखाण, वाहन, मुक्काम, काहीही स्वीकारू नये, असंही एक कलम होतं. साहेबांनी एक गठ्ठा माझ्या टेबलावर आपटला आणि फर्मान सोडलं. प्रत्येक शाळेत जायचं, मास्तरांच्या हातात पुस्तिका द्यायची, आपल्यासमोर मोठ्यानं वाचून घ्यायची आणि सही आणायची. जायचं कशानं आणि खायचं कुठं, हे विचारायची सोय नव्हती.

वर्ध्याहून बसनं मी केळझरला उतरलो. पुढच्या गावाला रस्ता असा नव्हताच, नुसती गाडीवाट. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, तरी कचेरीचा माणूस यायचा म्हटलं की बैलबंडी जुन्या मालगुजारांचीच जुंपली जायची. वाहन स्वीकारू नये असं छापलेला गठ्ठा मांडीवर घेऊन मी त्यांच्या बंडीत बसलो. उन्हानं आणि संतापानं डोकं तापलं होतं. गावात पोचलो तर ओसरीवर पोह्यांची बशी तयार. मी नको म्हटलं, तसा मालगुजारांचा चेहरा उतरला.

"काऊन बाबूजी? आमच्या घरचं चालत नाई का तुमाले?"

आता याला काय उत्तर द्यायचं? कुणाच्या घरचं नाकारणं म्हणजे त्याची जात काढणं. मी निमूट पोहे खाल्ले आणि पुस्तिका लिहिणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो गृहस्थ बहुधा रेल्वे स्टेशन सोडून कधी पुढे गेलाच नसावा.

शाळा एका खोलीची. मास्तर तरुण होते, मागच्या दसऱ्याला घरच्यांसोबत नागपूरला जाऊन बौद्ध झालेले. या गावात नोकरीला लागून त्यांना दोन-तीन वर्षं झाली होती, पण पाणी अजून शाळेतल्या स्वतःच्या माठातलंच पीत. त्यांनी पुस्तिका खणखणीत आवाजात वाचली, सही केली आणि पुस्तिका मिटून म्हणाले,

"बाबूजी, आज मले मालगुजाराकडे जेवाले बोलावलं आहे. त्याची पोरगी चौथी पास झाली. सगळ्यांच्या पंगतीत पयल्यांदाच बोलावलं. आता मी जाऊ का नाई?"

मी कपाळाला हात लावला. "जा की. त्यात विचारायचं काय?"

"तुमीच तर आत्ता वाचाले लावलं. माही नोकरी अजून पक्की नाई. मी कुठं चुकतो, हेच काही लोक इथं पाहून राह्यले. अन् नाई गेलो तर म्हणतीन, बौद्ध झाला अन् माजला."

ते बोलत होते त्यातला शब्द न् शब्द खरा होता, म्हणूनच मी आणखी चिडलो. कुणावर, तेही कळेना. मी सकाळीच त्या ओसरीवर पोहे चापले होते आणि मला त्याचा जाब कुणी विचारणार नव्हतं. शेवटी म्हटलं, "चला, मी तुमच्या शेजारी बसतो. तक्रार झालीच तर दोघांची होईल."

मास्तरांनी धुतलेला सदरा घातला. पंगतीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. पुरणपोळीचा बेत होता आणि घरच्या मोठ्या बाई स्वतः वाढत होत्या. माझ्या ताटात त्यांनी वाकून पोळी ठेवली, वर तूप वाढलं, आणखी एकीचा आग्रह केला. मग मास्तरांपुढे आल्या आणि उभ्या उभ्याच, वरून पोळी सोडली. ती ताटाच्या काठावर पडली आणि अर्धी जमिनीवर लोंबली. मालगुजार भात कालवत राहिले. एवढ्या कलमांच्या त्या पुस्तिकेत याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मास्तरांनी पोळी उचलून नीट ताटात घेतली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आता तक्रारीचं भेव नाई, बाबूजी. याले पाहुणचार कोण म्हणते?"