पेटी पायाची, कॉम्प्युटर मांडीवरचा

नातीला गाणी तयार करायला कॉम्प्युटर घ्यायचा होता. माझा मुलगा म्हणाला, "डेस्कटॉपच घेऊ. तेवढ्याच पैशात दमदार मशीन येतं, पुढं रॅमही वाढवता येते." नातीला मात्र लॅपटॉप हवा होता, कारण खेड्यापाड्यातल्या बायकांची गाणी तिला तिथं जाऊन रेकॉर्ड करायची होती. शेवटी दोघंही माझ्याकडं पाहायला लागले.

या विषयातली माझी अक्कल फार जुनी आहे. नवी सून असताना मला भजनात साथीला बसायची हौस होती, म्हणून सासरे मला गुलमंडीच्या बाजारात पेटी घ्यायला घेऊन गेले. दुकानात एक पेटी उचलून नेता येईल अशी होती आणि दुसरी टेबलाएवढी पायपेटी. मी अर्थातच मोठी निवडली. जितकं लाकूड जास्त तितका सूर गोड, असं माझं तेव्हाचं संगीतशास्त्र होतं. सासूबाईंना तर ती फारच आवडली. बायका भजनाला बोलवायला आल्या की त्या म्हणायच्या, "तिची पेटी कुठं हलती? घरीच वाजवू द्या तिला." मी पेटीवर विणलेला रुमाल टाकायची आणि भजन खिडकीतून ऐकायची.

"आई, सांग ना हिला. डेस्कटॉप लई दमदार असतो," मुलगा म्हणाला.

"व्हय, पण जाग्यावरून हलत नाय. पोरीला लॅपटॉप घे."

लॅपटॉप आला आणि नात गाणी रेकॉर्ड करायला सोयगावला गेली, ती अजून तिथंच आहे. मुलगा रोज विचारतो, "कधी येणार ती?"

"गाणी संपली की," मी सांगते. बायकांची गाणी संपत नसतात, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.