शेवगा पाडताना अविनाश थोडक्यात वाचला

मंडळी, आज जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

गाझियाबादच्या आमच्या घरामागचा शेवगा पार वाळला होता. परवानगी मिळाली, म्हणून आज मी आणि माझा नवरा अविनाश, आम्हीच तो पाडायला घेतला. फांद्या आधी उतरवल्या. खोडाला लांब दोर बांधून मी दूर उभी राहिले.

अविनाश करवत लावणार, तेवढ्यात शेजारचे खन्ना अंकल भिंतीवरून ओरडले, "बेटा, पहले पीछे हटने का रास्ता साफ करो!"

झाड पडणार पुढे, मग मागे कशाला? मी वैतागतच अविनाशच्या मागच्या कुंड्या हलवल्या.

खोड कडाडलं. "हटो!" अंकल ओरडले. अविनाश करवत टाकून तिरका मागे पळाला. झाड ठरल्या जागीच पडलं, पण बुंधा उसळला आणि अविनाश उभा होता नेमका तिथे आपटला. कुंड्या असत्या तर तो अडखळलाच असता.

मला रडूच फुटलं. अंकल म्हणाले, "रोती क्यों है? चल, चाय पिला."

"तिकडे आपलं कोण आहे गं?" असं आई फोनवर नेहमी विचारते. आज तिला नाव सांगितलं.

तुमच्यावर असं हक्काने ओरडणारं कोण आहे?